रुईच्या पानाची लोकर

बुरशी समजून मी रुईच्या चार पानांची लव स्पिरिटच्या बोळ्यानं घासून काढली, तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि वनस्पतिशास्त्र माझ्यासाठी थांबलंय अशी माझी समजूत होती. दर शनिवारी मारुतीला रुईची माळ घालणाऱ्या या विदुषीनं ते पान कधी पालथं करून पाहिलं नव्हतं.

पानं नत्थूजींच्या ताब्यातली. नागपुरातल्या आमच्या कॉलेजात वाळवून शीटवर चिकटवलेल्या झाडांची कपाटं ते सांभाळत. खाप्याच्या विणकर घरातले, शाळा सातवीपर्यंत. समोर कोणीही आलं की पहिला प्रश्न, "गाव कोणतं जी?" शब्दांनाही तोच. लेबलवरचा इंग्रजी शब्द अडला की एखाद्या प्राध्यापकाला जिन्यात गाठायचे, शब्दाचं मूळ विचारायचे आणि वहीत उतरवून ठेवायचे. म्हणायचे, "गाव समजलं का शब्द घरचा वाटते."

पावसाळ्यात शीटांना बुरशी धरायची. ती पुसायला मला बसवून ते जेवायला गेले. परत येऊन त्यांनी रुईची शीट उजेडात धरली. लेबलवर ठळक लिहिलेलं होतं, टोमेंटोज.

"याचं गाव रोम, पोरी. तिथं गादीत, उशीत जे भरत, ते टोमेंटम. पानाच्या पोटाले तशी लोकर, म्हणून टोमेंटोज. तू त् गादीच उसवली वं."

मी हसले. दुपारी विभागप्रमुखांनी ती शीट पाहिली आणि नत्थूजींकडून कपाटांच्या किल्ल्या मागून घेतल्या. नत्थूजींनी माझं नाव न घेता जुडगा टेबलावर ठेवला. मी शेजारीच उभी होते, फरशी न्याहाळत. त्या फरशीचं वर्णन मी आजही तपशीलवार करू शकते. बाहेर पडून जिन्यापर्यंत गेले, तिथून परत फिरले आणि सरांना सांगून टाकलं.

किल्ल्या नत्थूजींना परत मिळाल्या. आता शाबासकी मिळेल म्हणून मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी पेन पुढे केलं आणि शीटवर झालं ते लिहायला सांगितलं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'लोकर नष्ट झाली आहे.'

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"आपोआप गेली का वं? लोकर होती, मी पुसली, असं लिही, अन् खाली नाव टाक. आपण दोघं नसू तवा कोणी हे पान पाहीन, अन् म्हणन का नागपूरची रुईच टकली होती."