खारीच्या पिल्लाचा आवाज

बाईंचं वय बेचाळीस, पण गळा आठ वर्षांच्या व्रात्य पोराचा. या गळ्यावरच त्यांचं घर चालायचं. दुसऱ्या भाषेतली कार्टून आपल्या भाषेत आणायची, तर त्यातल्या पोराटोरांना, पिल्लांना आवाज कुणीतरी द्यायला हवा. तो बाई द्यायच्या. बंद खोली, कानाला हेडफोन, नजर पडद्यावरच्या ओठांवर. नियम एकच. तोंड उघडं असेल तोवर आवाज आला पाहिजे, तोंड मिटलं की आवाज बंद.

दोन वर्षांपूर्वी या नियमानंच घात केला. एका मालिकेत खारीचं आगाऊ पिल्लू होतं आणि त्याचे कासवआजोबा. आजोबा हाक मारतात, पिल्लू म्हणतं, "आलो, आजोबा." कागदावर एवढंच होतं. पण वाक्य संपलं तरी पिल्लाचं तोंड आणखी दीड सेकंद हलतच होतं. जेवणाची वेळ टळून गेलेली, बाईंचं डोकं तापलेलं. त्यांनी दिलं ठोकून, "गप रे म्हाताऱ्या, बॅटरी संपली तुझी!"

ओठ असे चपखल बसले, की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला. दिग्दर्शक म्हणाला, "बाई, सोनं आहे हे! दर भागात पाहिजे." बाईंनाही गुदगुल्या झाल्या. का होऊ नयेत? पंधरा वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलण्यात गेली होती. त्यांच्या डोक्यातलं वाक्य पहिल्यांदाच कुणीतरी ठेवलं होतं.

मग ते वाक्य जे सुटलं, ते सुटलंच. शाळेची बस, दुकानाची रांग, बागेतली घसरगुंडी, जिथं पोरं तिथं ते. फिरत फिरत ते बाईंच्याच घरात आलं. त्यांची लेक आठ वर्षांची, आईचा गळा जसाच्या तसा घेतलेली.

वर्गशिक्षिकेनं बोलावून घेतलं. "तुमची मुलगी मला 'गप गं म्हातारे' म्हणाली. मी चौतीस वर्षांची आहे हो! घरात बघू तरी काय देता मुलांना?"

बघू देतो ते मीच करते, हे सांगायची बाईंना काय सोय होती?

घरी येऊन त्यांनी लेकीला फैलावर घेतलं. "मोठ्यांशी असं बोलतात?"

"तू बोलतेस की."

"ते काम आहे माझं!"

"तू बोललीस की सगळे हसतात. मी बोलले की ओरडतेस."

कप्पाळ! टीव्ही बंद करून झाला. उपयोग शून्य, पोरीला सगळे भाग तोंडपाठ. दरडावून झालं, समजावून झालं, अबोला धरून झाला. पोरगी ढिम्म.

बाईंची आई गेल्यापासून त्यांचे वडील इथंच राहायचे. कार्टून कधी बघत नसत. कानाला यंत्र होतं, आणि त्याची बॅटरी खरंच अधूनमधून संपायची. एका शनिवारी सकाळी त्यांनी आतल्या खोलीतून विचारलं, "माझा चष्मा कुठाय गं?" बाहेरच्या खोलीतून तेच वाक्य ठणठणीत गेलं. बाई मागे कपडे पिळत होत्या. बाबांना ऐकू गेलं नसेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

पण त्या दिवसापासून बाबांनी काही विचारायचंच सोडलं. चष्मा स्वतः शोधायचे. भाजीत मीठ कमी असलं तरी गप जेवायचे. मंगळवारी त्यांनी मुलाला, बाईंच्या भावाला, फोन केला, "मी तुझ्याकडे येतो राहायला. गुरुवारी न्यायला ये."

गुरुवारी सकाळी बाई तणतणत स्टुडिओत गेल्या. "हे वाक्य मी यापुढे म्हणणार नाही."

दिग्दर्शक हसला. "दप्तरांवर छापलंय ते, बाई. तुम्ही नाही तर दुसरी कुणी म्हणेल."

बाईंनी हट्टानं "आलो, आजोबा" एवढंच म्हटलं. पिल्लाचं तोंड दीड सेकंद मुकंच हलत राहिलं. "पुन्हा," हेडफोनमध्ये आवाज आला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी म्हणून टाकलं, आणि ते नेहमीसारखं झक्कास झालं. याचीच त्यांना जास्त चीड आली.

घरी आल्या तर बाबा पलंगावर बसून बॅगेची चेन ओढत होते. बाईंनी लेकीला दंडाला धरून त्यांच्यापुढे उभं केलं. "आजोबांची माफी माग. आत्ताच्या आत्ता!"

बाबा गोंधळले. "हिनं काय केलं?"

"त्या दिवशी चष्मा विचारलात तेव्हा बोलली ना तुम्हाला, ते."

बाबांनी नातीकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"ही बोलली होय?" ते म्हणाले. "मला वाटलं, तू बोललीस. आवाज तुझाच होता गं."

नाही हो बाबा, मी तुम्हाला असं कशी बोलेन, असं बाई म्हणणार होत्या. तोंड उघडलंही होतं. पण आज सकाळीच स्टुडिओत चौथ्या खेपेला तेच वाक्य म्हणून आल्या होत्या त्या. लेक वर मान करून आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तोंड उघडं होतं, आणि आवाज काही येत नव्हता.