चौघींचं पळणं

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. कमरेवरची चरबी जमते तसेच ते जमतात. आपण आपल्या कामात असतो, आणि एक दिवस जुना ड्रेस घालायला घ्यावा तर चेन अर्ध्यात अडकते. तेव्हा कळतं, अरे, बरंच साठलंय की!

आमच्या चौघींचं तसंच झालं. मी वंदना, आणि रेखा, ज्योती, सुनंदा. चौघी तेलंगणातल्या, तामसीकडच्या एकाच गावच्या, एकाच सरकारी शाळेच्या खो-खो टीममधल्या. आता पंचविशीत आहोत. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. आधी त्यावर कप घेतलेले जुने फोटो यायचे. आता कोणाचा गुडघा दुखला, कोणाला दोन जिने चढून दम लागला, हेच येतं.

त्यात मी आदिलाबादला रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरवर बसते. दिवसभर माझ्याच वयाच्या पोरापोरींचे रिपोर्ट हातातून जातात. त्यामुळे धास्ती सगळ्यात जास्त मलाच. ज्योती म्हणते, "वंदे, तू लॅबमधे नोकरी नाही करत. तू लॅबमधे भेत बसते!"

०००

आमचे पीईटी सर, म्हणजे खेळाचे मास्तर, तेलुगू होते. मराठी त्यांना कामापुरतं यायचं. पळ, बस, ऊठ, संपलं.

जिल्ह्याच्या सिलेक्शनला आदिलाबादला जायचं होतं. सकाळची एकच बस. सुनंदाची वेणी काही केल्या बसेना, आणि तिला सोडून कोणी निघेना. फाट्यावर पोचलो तर बस हललेली! सर आधीच खिडकीत बसलेले, आमच्याकडे पाहतायत.

सगळी टीम बसमागे सुटली. तोंडात धूळ, हातात डबे, ज्योतीची एक चप्पल मागे रस्त्यावर. झालं, गेलं सिलेक्शन! आता बाबा म्हणणार, बस घरी. ड्रायव्हर मात्र ना जोरात चालवत होता, ना थांबत होता. बस अशी समोर, हात लावावा इतकी जवळ, आणि सापडत नव्हती.

पुढच्या वळणावर एकदाची थांबली. आम्ही धापा टाकत चढलो. कंडक्टर हसत होता. नंतर कळलं, सरांनीच ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं, हळू चालव, पण थांबू नको!

सरांनी शिट्टी गळ्यात अडकवली आणि शांतपणे म्हणाले, "वार्मप् अयिपोयिंदि!"

वॉर्म-अप झाला म्हणे!

०००

नववीत गेलो आणि एकेकीच्या घरातून आवाज यायला लागले. सगळ्यात आधी रेखाच्या आईचा. "आता मोठी झाली तू. मैदानात उड्या मारायचं वय हाय काय हे? लोकं पाह्यतात."

रेखा काय कमी होती! तिने सांगितलं, ट्युशन लावली. संध्याकाळी दप्तर घेऊन निघायची, दप्तरात खेळायचे कपडे. आम्हा तिघींना रोज भीती, आज पकडली जाईल. तिची आई बाजारात दिसली तरी मी रस्ता बदलायची. काकूंनी विचारलं तर माझ्या तोंडून खरंच निघणार, हे मला माहीत होतं.

शेवटी आमच्यापैकी कोणी काही बोललंच नाही. भैंसा गावाहून रेखाचा मामा पेपर घेऊन आला. पेपरात टीमचा फोटो. मधोमध रेखा, हातात कप, दात काढून हसतेय!

तिच्या आईने फोटो बराच वेळ पाहिला. रेखाच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "रेखे, हे ट्युशन कोणत्या सबजेक्टची होय?"

फोटो काकूंनी कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवला. आणि रेखाचं मैदान त्याच दिवशी बंद केलं.

०००

ज्योतीचं बंद झालं ते इंटरला, म्हणजे अकरावीला. दहावीला मार्क चांगले पडले म्हणून घरच्यांनी हैदराबादकडच्या एका कॉलेजच्या हॉस्टेलात टाकली. सकाळी उठलं की अभ्यासाला बसायचं, जेवायला उठायचं, परत बसायचं. मैदान होतं म्हणे. त्यात कॉलेजच्या बसगाड्या उभ्या असायच्या.

काही महिन्यांनी ज्योतीच्या बाबांना वॉर्डन मॅडमचा फोन आला. "आपकी लड़की रोज लेट आती है. रोज सजा होती है, फिर भी सुधरती नहीं."

काका घाबरून गेले. हुशार पोरगी, तिचं काय बिनसलं? कोणाच्या नादी लागली? त्यांनी कापूस वेचायच्या ऐन दिवसात बस पकडली. मला त्यांनी फाट्यावरून फोन केला, "पोरी, तुले काही माहीत असन तं आत्ताच सांग." मला काहीच माहीत नव्हतं, तरी मी दिवसभर फोन हातात घेऊन बसले.

काका पोचले तेव्हा पोरींची सजा चालूच होती. उशिरा येणाऱ्यांनी बिल्डिंगला चकरा मारायच्या. बाकीच्या पोरी पाय ओढत, रडतखडत चालत होत्या. ज्योती केस वर बांधून, ओढणी कमरेला खोचून सुसाट पळत होती. मॅडमनी "बस" म्हटल्यावर तिने अजून एक चक्कर मारली!

मॅडमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अच्छा! तो ये बात है! आज से तुम्हारी सजा बंद. लेट आयी, तो क्लास में बैठना पड़ेगा!"

त्या संध्याकाळी ज्योतीचा फोन आला. मला वाटलं हसेल. ती हुंदके देऊन रडत होती. "वंदे, मले आता सजा भी नाही भेटत!"

०००

रेखाचं लग्न आदिलाबादलाच झालं. किराणा दुकान. दिवसभर गल्ल्यावर बसून तिची पाठ धरली, वजन वाढलं, नवऱ्यानेच जिमला नाव घालून दिलं. लेडीज टायमिंग भर दुपारचं, म्हणजे ज्या बाईला काहीच काम नाही तिनेच यायचं! तरी गेली.

पहिल्या दिवशी ट्रेनर पोराने विचारलं, "मॅडम, पहले कभी एक्सरसाइज की है?"

"नहीं."

"स्कूल में? कॉलेज में? कुछ भी?"

"नहीं, कभी नहीं."

त्याने तिला अगदी नवशिक्यांचं काम दिलं. भिंतीला हात टेकवून पाय हलवा.

ग्रुपवर तिने हे सांगितलं तेव्हा आम्ही तिघी तुटून पडलो. जिल्ह्याला खेळलेली पोरगी आणि कभी नहीं? मग शाळेत इतकी वर्षं पळालो, ते काय होतं?

रेखाला प्रश्नच कळला नाही. "अवं, ते तर खेळणं होतं बाई!"

०००

मी जिमला गेले नाही. मी सकाळी स्टेडियमवर चालायला लागले. त्यातही काळजी. ओढणी पिनांनी बांधलेली, मोबाईल मुठीत, पाहणारे कोण आहेत, मागून चालणारा कोण आहे, छातीत धडधडतंय ते चालण्याने की दुसऱ्या कशाने. चालणं कमी आणि नाडी तपासणं जास्त!

एक दिवस तीन कुत्री माझ्यामागे लागली. कुत्र्यांपुढे पळायचं नसतं, स्थिर उभं राहायचं, हे मला पक्कं माहीत होतं. माझ्या पायांना माहीत नव्हतं!

समोर योगाचा ग्रुप बसलेला. सगळे रिटायर झालेले काका, एका रांगेत, डोळे मिटून, लांब श्वास घेत. मी त्या रांगेत घुसले. एका काकांच्या डावीकडून, दुसऱ्यांच्या उजवीकडून, परत डावीकडून, शेवटच्या काकांना वळसा, आणि उलट दुसऱ्या बाजूने. अंगाला सगळं आठवत होतं! कुत्री दोन वळणांतच गोंधळली आणि भुंकत उभी राहिली.

मी शेवटच्या टोकाला वाकून धापा टाकत उभी. शरमेने मान वर होईना. सगळ्यांचे डोळे उघडलेले. मधे बसलेले पांढऱ्या दाढीचे चाचा म्हणाले, "बेटी, खो देना था ना! हम उठते!"

ते सगळे हसले, मीही हसले. पण दुपारपर्यंत माझं धडधडणं काही थांबेना. लॅबमध्ये कोणाच्या नकळत बीपी मोजून घेतला. नॉर्मल होता. मशीन बिघडलं असेल म्हणून दुसऱ्या मशीनवर मोजला.

०००

सुनंदाचं दुखणं मात्र खरं होतं. तिचं सासर भैंसाकडच्या गावात. बाळाच्या वेळेस शुगर वाढली आणि बाळंतपण झाल्यावरही नीट उतरली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला, नाहीतर कायमची मागे लागेल. तिचा तो पहिला रिपोर्ट माझ्याच काउंटरवरून गेला. तिला देताना मी हसले आणि मागे जाऊन रडले.

पण गावात सुनेने चालायचं कसं? शेतात जा, पाण्याला जा, कोणी विचारत नाही. रिकाम्या हाताने नुसतं चालायचं म्हणजे काहीतरी घडलंय!

पहिल्याच दिवशी एकीने विचारलं, "काय हरवलं वं?" दुसरीने विचारलं, "सासूसंग भांडली काय?" तिसरीने विचारलंच नाही, सरळ तिच्या माहेरी फोन लावला. सुनंदा चालून घरी आली, बाळाला पाजून निजवते तोवर तिचे बाबा आणि भाऊ मोटारसायकलवर दारात! "काय झालं बाई? चाल घरी. आमी जित्ते हावो अजून!"

सासू बिचारी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिला कळेना, व्याही न सांगता कसे आले आणि इतके रागात कसे.

मग सासूनेच तोड काढली. सुनंदाच्या हातात स्टीलची वाटी दिली. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला सासूची चुलत जाऊ राहायची. "तिच्याकून विरजण घेऊन ये. कोणी काही म्हणनार नाही. हळूहळू जाय, लांबच्या रस्त्यानं ये."

झालं! रोज सकाळी वाटी घेऊन सुनंदा निघायची. कोणी विचारत नव्हतं. हे चांगलं जमलं होतं, तोवर एक दिवस ती चुलत जाऊच वाटी घेऊन घरी आली. दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुमच्या घरचं दूध नासून राह्यलं काय? रोज विरजण लागते. कोणाची नजर तर नाही लागली?"

सासू म्हणाली, "दूध नाही नासून राह्यलं वं. सून नासन, नाही चालली तं!"

आता त्या दोघीजणीही तिच्याबरोबर चालतात. सुनंदाची शुगर खाली आली, पण पूर्ण नाही. तिचा रिपोर्ट आला की अजून मी आधी आकडा पाहते, मग नाव.

०००

आणि हे मागच्या भरतीच्या वेळचं. डिग्री झाल्यावर ज्योतीने पोलीस भरतीचा ध्यास घेतला. लेखी पास झाली, राहिलं पळणं. लग्नाची बोलणी घरच्यांनी तेवढ्यासाठी थांबवून ठेवलेली. पास झाली तर नोकरी, नाही झाली तर पाहुणे येणार, हे साफ ठरलं होतं. वर्षभर ती पहाटे गावच्या रस्त्यावर पळत होती. एक गुडघा सुजायचा, त्याला क्रेप बँडेज बांधून पळायची. ठरलेल्या वेळेत एवढं अंतर कापलं तर राहिलीस, नाहीतर घरी. खेळ वगैरे काही नाही.

टेस्टच्या दिवशी मी रजा घेतली. ज्योतीची आई आणि मी मैदानाच्या गेटबाहेर. आत कोणाला सोडत नव्हते. भिंत उंच, दिसत काही नव्हतं. नुसत्या शिट्ट्या ऐकू यायच्या. शिट्टी झाली की काकू माझा हात आवळायच्या. "हे तिची होय काय?" मला काय माहीत? त्यांच्या दुसऱ्या हातात ज्योतीच्या चपलांची पिशवी, ती त्यांनी छातीशी धरलेली.

पोरी एकेक करून बाहेर येत होत्या. कोणी ओरडत आईच्या गळ्यात पडायची, कोणी भिंतीला धरून ओकायची. एक पोरगी सरळ बसस्टँडच्या दिशेने चालत गेली, तिचा बाप मागे पळतोय.

ज्योती बाहेर आली ती रडतच. तोंड ओंजळीत.

काकूंनी डोळे पुसले आणि तिला जवळ घेतलं. "जाऊ दे बाई. नाही तं नाही. नशिबात नव्हतं." मीही काहीबाही बोलत होते, पुढच्या वेळेस, गुडघ्यामुळे झालं, तू मनाला लावून घेऊ नको. माझ्या डोळ्यांसमोर पाहुणे दिसायला लागले होते.

"पास झाली मी," ज्योती म्हणाली.

आम्हाला समजेच ना. "अवं मग रडून काऊन राह्यली?"

"शेवटच्या वळणावर एक पोट्टी पडली. बरोबर माझ्यासमोर. थांबली असती तं माझं गेलं असतं. मी तिच्यावरून उडी मारली, वंदे. खाली पाह्यलं पन नाही. उडी मारली अन् पळाली."

काकूंनी पिशवीतून चपला काढून तिच्या पायांपुढे ठेवल्या. ज्योतीने त्या घातल्या नाहीत, फूटपाथवर बसून राहिली.

थोड्या वेळाने गेटमधून एक पोरगी लंगडत बाहेर आली. गुडघा सोललेला, कोपराला माती, छातीवरचा नंबर अर्धा फाटलेला. तिच्याबरोबर कोणी नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि ज्योती दिसताच आमच्याकडे यायला लागली. ज्योती ताडकन उभी राहिली. मी तिच्या पुढे झाले. वाटलं, आता ही हात उगारणार.

"क्वालिफाय?" पोरीने विचारलं.

ज्योतीने खाली पाहत मान हलवली, हो.

पोरगी तिथेच फूटपाथवर बसली. ज्योतीने आपली पाण्याची बाटली पुढे केली. तिने आधी थोडं पाणी गुडघ्यावर ओतलं, उरलेलं गटागट पिऊन टाकलं, तोंड पुसलं. मग ज्योतीकडे वळून तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि हसली.

काकूंना तेलुगू येत नाही. त्यांनी मला कोपराने ढोसलं. "काय म्हणून राह्यली वं ते?"

मी म्हणाले, "म्हणते, अक्का, उडी मस्त होती तुझी."