आधी लेकरांची पंगत

कानात गोष्ट सांगायची कला देवानं सगळ्या माणसांना दिली, फक्त आमच्या मावसाजींना द्यायची तेवढी राहून गेली. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावावरून गडचिरोलीकडे जाताना रस्त्याला लागूनच त्यांचं गाव, आणि गावाच्या तोंडाशी त्यांची पिठाची गिरणी. उभा जन्म त्या गिरणीच्या धडधडाटात ओरडून बोलण्यात गेलेला, त्यामुळे गिरणी बंद झाली तरी त्यांचा आवाज काही खाली यायचा नाही. भुवया बारा महिने पिठानं पांढऱ्या. घरी आले की मावशी आधी दार लावून घ्यायची आणि मग म्हणायची, "हं, आता बोला काय ते." त्याचा काडीचा उपयोग नसायचा. "हे कोनाले सांगू नको बरं," असं मावसाजी मावशीला म्हणायचे, आणि समोरच्या घरातली म्हातारी ओसरीवरून उत्तर द्यायची, "नाई सांगत जी!"

आम्ही तेव्हा घुग्घुसला राहायचो. आमचे हे सिमेंटच्या कारखान्यात फिटर. घरात फोन नव्हता, तो शेजारच्या वहिनींकडे. नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा एका दुपारी वहिनी दारात आल्या आणि म्हणाल्या, "अभिनंदन हो. तुमच्या मावसबहिणीचं ठरलं. मुलगा चंद्रपूरचा आहे, बिजली बोर्डात." मी म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं? तर त्या म्हणाल्या, "सांगितलं कुणीच नाही. फोन टेबलावर ठेवून तुम्हाला बोलवायला आले, तर तुमचे मावसाजी तिकडे एकटेच बोलत होते. चला लवकर, अजून बोलताहेत."

पण एवढा आवाज असून एक नवल होतं. लेकरं त्यांना कधी भ्यायली नाहीत. गिरणीवर बाया यायच्या, डोक्यावर दाण्याचं पोतडं आणि कडेवर पोर. मावसाजी आधी पोराला हात पुढे करायचे. "दाने ठेव तिथी. लेकरू दे इकडे." मग ते लेकरू पीठ होईपर्यंत त्यांच्या मांडीवर, खिशातले गूळ-फुटाणे खात, नखशिखांत पांढरं होऊन बसायचं. कुठलंही लेकरू दिसलं की त्यांचा प्रश्न एकच, जेवलं काय? नाव, गाव, इयत्ता वगैरे त्यांनी कधी कुणा लेकराला विचारल्याचं मला आठवत नाही.

आता लहान पोरं घेऊन लग्नाला जाणं काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. माझी रेणू चार वर्षांची, बाळू दीडेक वर्षाचा. माझ्या दोन साड्यांना एक पिशवी, आणि या दोन वीतभर जिवांना तीन. एकाला एसटी लागते, दुसऱ्याला नेमकी जंगलातच शी लागते. आणि इतकं करून मांडवात पोचावं तर मुहूर्त सकाळचा आणि वरात कुठे, तर मारुतीच्या देवळापाशी नाचून राह्यली. आमच्याकडे अक्षता पडल्याशिवाय पानं मांडत नाहीत. आरमोरीकडच्या एका लग्नात असंच झालं. वरात आली तेव्हा उन्हं उतरली होती. लेकरं आधी खेळली, मग रडली, मग बिस्किटं खाऊन सतरंजीवर जागच्या जागी झोपली. पानं मांडली तेव्हा एकही आई आपलं पोर उठवू शकेना. बुंदी सगळी मोठ्यांनी खाल्ली. मावसाजी त्या झोपलेल्या लेकरांमधून हिंडत होते, एकेकाला उचलून बघत होते. माझ्या रेणूच्या ओठाला बिस्किटाचा चुरा तसाच वाळलेला. ते माझ्या कानाशी वाकले आणि त्यांच्या मते हळूच म्हणाले, "हे लगन हाय का लेकरायले उपास लावला? पाहून घेजो, माह्या वंदीच्या लगनात आधी लेकरायची पंगत बसन. मंग नवरदेव येवो का कोनी बी येवो!" अख्खा मांडव हसला, मीसुद्धा हसले. म्हटलं, बोलायला काय जातं!

वंदी म्हणजे त्यांची एकुलती एक. तिचं लग्न सगळं घरचं करायचं हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. चंद्रपूरला तेव्हा स्वयंपाकाचा ठेका घेणारे निघाले होते, मांडव डेकोरेशनवालेही निघाले होते. मावसाजींनी सगळ्यांना हात जोडले. "तिले ओळखनाऱ्या हातानं होऊ दे सारं." मग काय, जो पाहुणा एसटीतून उतरेल त्याच्या हातात पाणी देण्याआधी काम. मांडवासाठी जांभळीचे डहाळे आणायला बैलबंडी जंगलात गेली, तिच्यात सगळी पोट्टी भरून. आम्ही बाया मोहाच्या पानांच्या पत्रावळी टोचत बसलो. आमचे हे कडक इस्त्रीचा शर्ट घालून, जावयाचा मान घ्यायला म्हणून आलेले. त्यांच्यापुढे वांग्यांचा ढीग ओतला गेला. "जवाईबापू, मानपान उद्या. आज वांगे कापा." हे बिचारे रात्री बोटं चोळत मला म्हणतात, "तुझ्या मावसाजींना सांग, कारखान्यात बरं आहे, शिफ्ट तरी संपते." मी काय सांगणार! मीच सोळा घरांच्या बायांमध्ये बसून काड्या टोचत होते आणि जन्मात इतकी हसले नव्हते.

लग्नाच्या सकाळी चुलीवर एक वेगळा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढला. त्यात लेकरांसाठी बिनतिखटाचं वरण. आमच्याकडची आलू-वांग्याची भाजी म्हणजे मोठ्या माणसाच्याही डोळ्यांतून पाणी काढणारी, म्हणून लेकरांचं सगळं निराळं. तरी मावसाजींनी मुहूर्ताची वाट पाहिली, हे मी शपथेवर सांगेन. मुहूर्त आला. गेला. माणूस पाठवला तर कळलं, वरात आत्ता कुठे गाड्यांतून उतरली. बाळूनं माझा पदर चावायला घेतला होता. मावसाजी मांडवाच्या मधोमध उभे राहिले आणि ओरडले, "चाला रे पोट्टे हो, बसा!" मावशी धावत आली. "अवो, काऊन असं करता? वरात आली तं?" ते म्हणाले, "आली तं आली. नवरदेव मोठा हाय, थांबन." लेकरांच्या दोन लांब ओळी बसल्या. पानावर भात पडला, वरण पडलं, वर तुपाची धार. आणि नेमका तेव्हाच कोपऱ्यावर बँड वाजला.

दारात कलश घेऊन उभं राहायचं ज्यांनी, ते वधूपिता हातात वरणाची बादली घेऊन लेकरांमध्ये वाकलेले! घोडीवर नवरदेव, त्याच्या पुढ्यात बसवलेली त्याच्या बहिणीची तीन वर्षांची पोरगी, आणि घोडीचा लगाम धरून नवरदेवाचे मोठे काका. सफारी, फेटा, कपाळाला आठ्या. मावसाजी तिथूनच म्हणाले, "दहा मिनिट थांबा जी, लेकरं जेवून राह्यले!" ते बँडच्या वरून सगळ्यांना ऐकू गेलं. काकांचा चेहरा लालबुंद झाला. "आमची काही इज्जत हाय का नाई? वरपक्ष दारात उभा अन् तुमी पोट्ट्यायले जेवाले घालून राह्यले?" बँडवाले वाजवायचे थांबले. मावसाजी माझ्याकडे वळले आणि पुन्हा त्यांच्या मते हळूच म्हणाले, "सकाळपासून खाल्लं नसन त्या मानसानं. भुकेनं चिडून राह्यला." मेले मी! त्या शांततेत ते शब्द घोडीलासुद्धा ऐकू गेले असतील. वरातीतली काही पोरं फिसकन हसली आणि तिथंच बिनसलं. काका कडाडले, "फिरवा घोडी! चाला परत!"

मी मागे पाहिलं, तर आतल्या खोलीच्या दारात हळदीच्या अंगानं वंदी उभी. तिनं सगळंच ऐकलं होतं, तिच्या बापाचं काय ऐकू येणार नाही? तिचा चेहरा पांढराफटक. मावसाजींनीही तिला पाहिलं. त्यांनी बादली खाली ठेवली, लेकरांकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे पाहिलं, पण एकाही लेकराला पानावरून उठ म्हणाले नाहीत. ते तसेच उघड्या पायांनी बाहेर गेले आणि काकांसमोर हात जोडले. हाताला वरण लागलेलं. "म्या चुकलो, भाऊ. माह्या थोबाडीत मारा. माह्या पोरीवर राग काढू नोका. पन भरल्या पानावरून लेकरू उठवनं मले नाई जमत."

काका काही बोलणार, तोच घोडीवरची ती पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. तिला वरून दोन्ही ओळी दिसत होत्या. "मामा, मले बी भात! मले बी!" काका म्हणाले, "गप बस वं!" ती काही गप बसेना. नवरदेवानं तिच्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि बाशिंग सावरत घोडीवरून खाली उतरला. "काकाजी, पोरगी रडून राह्यली," एवढंच म्हणाला. तिला कडेवर घेऊन तो सरळ मांडवात शिरला आणि माझ्या रेणूच्या शेजारी मांडी घालून बसला. ना ओवाळणं, ना पाय धुणं! मावशी आरती घेऊन धावली, तोवर गड्याच्या बोटांना वरण-भात लागलेला. तिनं तसंच ओवाळलं. त्याच्या मागे वरातीतली सगळी लेकरं चपला फेकून आत घुसली, अगदी काकांची नातवंडंसुद्धा, आणि लेकरांमागे मोठी माणसं. दारात उरले काका, घोडी आणि बँडवाले. मावसाजींनी काकांचा हात धरला आणि ओळीच्या टोकाला नेऊन बसवलं. काकांनी पहिला घास घेतला, थांबले, आणि म्हणाले, "याच्यात तिखट नाई काय?" मग मात्र असा हशा उठला की काकाही हसले. आतल्या दारात वंदी रडत हसत होती.

लग्न छान लागलं. पंगतीवर पंगती उठल्या. जंगलाचा रस्ता, दिवस बुडायच्या आत निघायला हवं म्हणून घाई सुरू झाली. वंदी जीपमध्ये बसली. मावशी रडली, मी रडले, गावातल्या बाया रडल्या. मावसाजी दिवसभरच्या सवयीनं सगळ्यांना ओरडून सामान चढवायला सांगत होते. जीप सुरू झाली, हलली, आणि ते एकदम ओरडले, "थांबव गा!" खिडकीशी जाऊन त्यांनी विचारलं, "वंदे, तू जेवली काय?"

वंदीनं मान हलवली. सकाळपासून उपास, मग विधी, मग फोटो. नवरा-नवरीचं ताट रांगोळी काढून मांडलं, तर नाव घ्या, नाव घ्या म्हणून बायांनी तिला एक घास धड गिळू दिला नव्हता, आणि मग जीप आली म्हणून सगळे उठले. कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मावसाजी वळले आणि धावले. त्या वयात मी त्यांना धावताना पहिल्यांदाच पाहिलं. लेकरांच्या गंजाच्या तळाशी जे काही होतं ते भातात कालवून ते द्रोण भरून घेऊन आले आणि खिडकीतून तिला भरवू लागले. काका पुढच्या सीटवर होते. त्यांनी घड्याळ पाहिलं. मग ड्रायव्हरला म्हणाले, "बंद कर गा गाडी. जेवू दे पोरीले."

"अजून एक," मावसाजी म्हणायचे. ती खायची. "हा शेवटचा." ती खायची. मग त्याच्यानंतर आणखी एक शेवटचा. घास लहान लहान होत गेले, लेकराला चिऊचे-काऊचे म्हणून देतात तेवढे. द्रोण लवकर संपू नये म्हणून तो माणूस धडपडत होता, ते सगळ्यांना दिसत होतं. शेवटी द्रोण पुसला गेला. त्यांनी पंच्याच्या टोकानं तिचं तोंड पुसलं आणि स्वतःच म्हणाले, "हं. जा आता."

मावसाजींना जाऊन बरीच वर्षं झाली. परवाच्या हिवाळ्यात माझ्या रेणूचं लग्न चंद्रपूरला लॉनवर झालं. काही कमी नव्हतं. चाळीस पदार्थ होते, लेकरांसाठी वेगळा स्टॉल होता, लेकरं हवं ते हवं तेव्हा खात होती. रेणू मात्र संध्याकाळपासून स्टेजवर, जरीच्या साडीत, येईल त्याच्याबरोबर फोटोला उभी. मी वरण-भात कालवून ताटली घेऊन वर गेले. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, तुम्ही फ्रेममध्ये येताय, जरा बाजूला." रेणूनं हसून हातानं खूण केली, नंतर. मी खाली येऊन ताटली धरून बसले. भात गार झाला. तिची गाडी निघाली तेव्हा सगळे हात हलवत होते, आणि माझ्या तोंडून 'थांबव' निघालंच नाही.