गळलेल्या मात्रा

तुमच्यातल्या धाकटीनं मला फोनवर लिहिलं होतं, "आजी, मराठीच्या वर्गात आज नाटकात मला मोर मिळाला." मी वाचलं, "नाटकात मला मार मिळाला." मार बसतो, मिळत नाही, ही चूक माझ्या लगेच ध्यानात आली. पण परक्या देशात आपल्या पोरीवर कुणी हात उगारला, या विचारानं पुढचं काही सुचेना. तुमच्याकडे उजाडेपर्यंत मी स्वयंपाकघरातून गॅलरीत आणि गॅलरीतून स्वयंपाकघरात फिरत राहिले. भाजी करपली. शेवटी तुमच्या आईला फोन लावला, तर ती हसत सुटली. म्हणाली, "आई, मोर आहे तो. पिसारा शिवायचं काम माझ्याकडे आलंय."

मी हसले नाही. पुन्हा वाचलं, पुन्हा मारच दिसला. फोन थोडा खाली धरला तेव्हा मात्रा कुठूनशी वर आली.

तेव्हा आजोबांनी टेबलाखालची वर्तमानपत्रं काढली. काही महिने मी लाल पेनानं त्यांतल्या चुकांवर गोल करत होते. हल्लीच्या छपाईत मात्रा गळतात, वेलांट्या गळतात, अनुस्वार तर कुणी देतच नाही, अशी माझी रोज कुरकुर चाले. संपादकांना पत्र पाठवायचंही मनात होतं. आजोबांनी प्रत्येक गोलावर बोट ठेवून पाहिलं. म्हणाले, "अगं, सगळ्या मात्रा जागच्या जागी आहेत."

माझ्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे, हे तुम्हाला माहीत आहे. डोळ्यातला दाब वाढून मागची नस हळूहळू वाळते. उजवा डोळा आधीच अंधूक झालेला, सगळी भिस्त डाव्यावर. आम्ही समजत होतो की हा आजार कडेकडेनं येतो, मधली नजर शेवटपर्यंत राहते. म्हणून मी दाराच्या चौकटी आणि स्टुलांचे कोपरे सांभाळत होते. वाचनालाही धोका असेल, याकडे लक्षच नव्हतं. शिवाय इंग्रजी नीट वाचता येत होतं, कारण त्या अक्षरांच्या डोक्यावर फारसं काही बसत नाही. नजर गेली की तिथे काळा डाग दिसेल, असं मला वाटायचं. तसं काही नव्हतं. मात्रेच्या जागी स्वच्छ पांढरा कागद दिसायचा.

जळगावच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि फक्त मधल्या नजरेची बारीक तपासणी करायला धुळ्याला पाठवलं. बसमध्ये मी समोरची पाटी वाचत होते. एकदा वरून, एकदा खालून, एकेक डोळा झाकून. पारोळ्याला आजोबांनी चहा आणला, तो हातात तसाच गार झाला.

दवाखान्यात शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्हले मोतीबिंदू शे का, अक्का? पिकू द्या, मंग काढी टाकतस." मी म्हटलं, हा काचबिंदू, हा पिकत नाही आणि काढताही येत नाही. गेलेली नजर परत येत नाही. आपण हे इतक्या मोठ्यानं का बोललो, असं मला वाटलं.

यंत्रात हनुवटी टेकवायची, मधल्या दिव्याकडे बघायचं आणि आजूबाजूला ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. ठिपका यायला वेळ लागला की मला दम निघायचा नाही. आता आला असेलच म्हणून मी दाबायची. तिथल्या मुलीनं यंत्र थांबवलं. "आजी, नसलेल्या ठिपक्यांनाही तुम्ही दाबताय. दिसला तरच दाबा."

मागून आजोबा म्हणाले, "प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायची तिची सवय आहे."

दुसऱ्यांदा मी प्रामाणिकपणे बसले. ठिपक्यांवाचून जाणारा तो वेळ फार लांब होता.

यंत्रातून निघालेल्या कागदावर डाग आला तो नजरेच्या अगदी मध्याला चिकटून, जरासा वर. शिरोरेघेवर जे जे बसतं ते सगळं त्यात जात होतं. जळगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की डोळ्यात घालायच्या औषधाच्या थेंबांनी दाब पुरेसा उतरत नाही. डाव्या डोळ्यातल्या पाण्याला वाट करून देणारं ऑपरेशन करावं लागेल. नाही केलं, तर डाग ओळीवर उतरेल. केलं, तर क्वचित त्या धक्क्यानंच मधली नजर जाते.

मी विचारलं, "वाचता येईल ना?"

ते म्हणाले, "काकू, आज जेवढं येतंय तेवढं टिकवायला हे करायचं. जास्तीचं मी कबूल करत नाही."

दोन दिवस मी कपाटं आवरली, आवरलेली पुन्हा आवरली. मग हो म्हणून कळवलं. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे.

तोवर एक सांगायचं आहे. तुमच्या आईनं सगळं सांगितल्यापासून तुम्ही दोघं मला इंग्रजीत लिहू लागला आहात. आजीला सोपं जावं म्हणून, हे मला कळतं. पण तसं करू नका. मी आता ओळीच्या किंचित वर बघून वाचायला शिकते आहे. डोळा सारखा घसरतो, एका वाक्याला वेळ लागतो, आणि मला धीर धरवत नाही. तरी मराठीतच लिहा, आणि आजच लिहा.