न लिहिलेल्या नाटकाची जागा

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलेलं. माघ सरत आला होता, हरभरा खळ्यावर पडला होता, आणि वारं असं की पडद्याची गुंडाळी मी धोंडे ठेवून दाबली होती. अशा दिवशी शेतकऱ्यानं खळ्यावर असावं. आमचं गाव मात्र मारुतीच्या पारासमोर पोती अंथरून, त्यावर दगड ठेवून नाटकाची जागा धरत होतं.

मी गावच्या नाटक मंडळीचा पडदेवाला. पडदेवाल्याला भाषण नसतं, घाई नसते. दोरी धरून बसायचं आणि बघायचं. म्हणून किस्से त्याच्यापाशी साचतात, रांजणाच्या तळाशी गाळ साचावा तसे. त्यातले हे एका सालचे.

*

त्याच्या आदल्या साली आमच्या गुरुजींच्या नाटकाला बुलढाण्याच्या स्पर्धेत ढाल मिळाली. आईचं काम सखारामचं. सखाराम म्हणजे नांगराला जुंपावा असा गडी, पण मिशा काढून, लुगडं नेसून खाटेवर असा मेला की परीक्षक साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. पेपरात छापून आलं, "प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या कडा पाणावल्या." गुरुजींनी ते पारावर वाचून दाखवलं. माझे शेजारी किसनभाऊ म्हणाले, पुन्हा वाचा. गुरुजींनी पुन्हा वाचलं.

सखाराम एवढंच बोलला, "साहेबाच्या डोळ्यात बत्तीवरचा किडा गेला असंन."

गुरुजी हप्ताभर त्याच्याशी बोलले नाहीत.

*

पुढचं नाटक अजून गुरुजींच्या डोक्यातही नव्हतं, तेव्हाच ते गाजायला लागलं. धाडच्या बाजारात एक अनोळखी माणूस मलाच सांगू लागला की तुमच्या गावचं यंदाचं नाटक मागच्याहून भारी आहे. मी विचारलं, पाहिलं कोणी? तो म्हणाला, पाहाले कशाले पाहिजे, पेपरात येऊन गेलं ना.

त्याच बाजारात मिरच्या विकणाऱ्या म्हातारीनं सखारामला ओळखलं. तोवर त्याच्या मिशा परत आल्या होत्या, पण तिला त्याचं काही नव्हतं. त्याच्या पिशवीत तिनं मूठभर मिरच्या वरून टाकल्या आणि हळूच विचारलं, "यंदा कशानं मरतेस, बाई?"

*

आणि गुरुजींनी लिहिलं काय, तर हसायचं नाटक! सासू भांडखोर, जावई झोपाळू, आणि शेवटपर्यंत कोणी मरत नाही.

शाळेच्या ओट्यावर तालीम चालली होती. पाटील बघायला आले, पानाचा विडा गालात धरून सगळं ऐकलं आणि म्हणाले की बाकी ठीक आहे, पण शेवटी सासू तेवढी मारून टाका. परगावचे लोक येणार, गावाच्या नावाचा प्रश्न आहे. गुरुजी नाही म्हणाले. पाटील गेल्यावर मात्र खाली बसले.

"नामदेव," मला म्हणाले, "रडवून पाहिलं. मले एकदा लोक हसलेले पाहाचे हायत. नाही हसले तर मी पुन्हा नाटक लिहिणार नाही."

मी दोरीला गाठ मारत होतो. ती नीट बसल्यावर म्हणालो, हसतील.

*

तर त्या भरल्या आभाळाखाली दिवस कलला, बत्त्या लागल्या, पडदा वर गेला.

लोक घरूनच रडायच्या तयारीनं आलेले. बायांनी पदर हातात धरून ठेवलेले. जावई पाटावरून घसरून पडला, तर पुढची एक आजी म्हणाली, बिचारा. सासूनं त्याला लाटणं फेकून मारलं, तर मागून कोणी तरी सुस्कारा सोडला. हसलं कोणीच नाही. पहिल्या ओळीत किसनभाऊ रुमाल उघडून बसलेले.

विंगेत गुरुजींचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, पाड पडदा. मी म्हणालो, पाडतो. पण माझा हात मुळातच सावकाश चालतो.

तेवढ्यात सासूचा झोपायचा प्रसंग आला. सखाराम खाटेवर आडवा झाला, आणि पारासमोर सगळीकडे हुंदके सुरू झाले. मिरचीवाली म्हातारी धाडहून आलेली, तिनं तर गळाच काढला. सखारामनं थोडा वेळ सोसलं. मग एक डोळा उघडला, कोपरावर उठला.

"यंदा मरत नाही वं बायांनो," तो म्हणाला. "जराशी झोपली हावो. झोपू द्या."

आधी म्हातारी हसली. मग पाटील असे हसले की पागोटं मांडीवर आलं. मग हसणं मागपर्यंत गेलं आणि तिथून परत आलं. जावई पाटावरून घसरल्याचं लोकांना आता हसू यायला लागलं. ओरडून म्हणाले, पहिल्यापासून करा!

तेव्हा मी पडदा पाडला. गुरुजींनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, आणि आम्ही नाटक पहिल्यापासून केलं.

*

सकाळी पडदा गुंडाळायला गेलो. आभाळ मोकळं झालं होतं. लोक आपापली पोती घेऊन खळ्यावर गेले होते. पारासमोर एकच पोतं उरलेलं, चारी कोपऱ्यांवर दगड. किसनभाऊंचं. आणि ते स्वतः बाजूला दातण करत उभे.

मी म्हणालो, "किसनभाऊ, पोतं इसरले का?"

"इसरलो नाही. पुढच्या सालचं नाटक याच्याहून भारी हाय म्हंतेत."

"कोण म्हंते?"

त्यांनी दातण थुंकलं, एक दगड सरळ केला.

"मीच म्हणून राह्यलो, कालपासून."