फक्त अण्णांना ऐकू येणारी खट-खट

अण्णांची गाडी विकायचं मी पुण्यात बसूनच ठरवून टाकलं होतं. दिवाळीत त्यांनी ती घराच्या फाटकाला घासली आणि चावी मी सरळ माझ्या पर्समध्ये टाकली. वडील पंचाहत्तरीचे, गाडी पंधरा वर्षांची. गिऱ्हाईक सोमवारी येणार होतं. त्याआधी शनिवार-रविवार त्यांना त्याच गाडीतून फिरवून आणावं, एवढाच या सहलीचा बेत. मनात अपराधी वाटत होतं, तेही लिहून टाकते.

शनिवारी सकाळी हिंगोलीहून सिद्धेश्वर धरणाकडे निघालो. तुम्ही जाणार असाल तर पेट्रोल हिंगोलीतच भरा आणि सोबत डबा ठेवा. धरणाकडे वळल्यावर रस्ता जरा हाडं मोजतो. अण्णांनी पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, त्यामुळे हा रस्ता त्यांना पाठच. पण त्यांचं लक्ष बाहेर नव्हतंच.

"इंजिनातून खट-खट येऊन राहिली."

"मला नाही येत."

"तुला काहून येईल? गाणे लावून बसलीस."

गाणी बंद केली, काच खाली केली. काही नाही. मागच्या महिन्यात मी आले होते तेव्हा हिंगोलीतल्या गॅरेजनेही तपासून काही नाही म्हणून सांगितलं होतं.

"मंग मी खोटं बोलून राहिलो का?"

"खोटं नाही हो अण्णा. वय झालं की होतं असं."

अण्णांनी तोंड खिडकीकडे वळवलं. भिंतीवर वारा मस्त होता, खाली कोळी जाळ्यातले मासे निवडत होते. आम्ही मासे खात नाही, म्हणून भाव विचारला नाही. अण्णा कालव्याच्या तोंडाशी बराच वेळ उभे राहिले आणि परतताना मागच्या सीटवर बसले.

रविवारी डोंगरकड्याला जायचं होतं, त्यांच्या जुन्या सोबत्याला भेटायला. वाटेत कळमनुरीला अण्णांनी इसाकभाईंच्या गॅरेजसमोर थांबायला लावलं. म्हटलं, होऊ दे एकदाचं समाधान.

इसाकभाई साठीचे. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. "आवाज कुणाला आला?"

मी अण्णांकडे बोट दाखवलं आणि लहान लेकराबद्दल करतात तशी डोळ्यांनी खूण केली. आज आठवलं तरी लाज वाटते.

"मंग चावी यांना द्या."

"ते आता चालवत नाहीत."

"ताई, ज्याला आवाज आला तोच चालवनार. हमारे यहाँ ऐसाच है. दुसऱ्याच्या हातात गाडी चूप बसती."

वाद घालून उपयोग नव्हता. चावी दिली, मी मागे बसले, इसाकभाई पुढे. अण्णांनी नांदेड रस्त्याला गाडी काढली. ताशी तीस आणि चौथा गिअर. पेट्रोल वाचवायची जन्माची सवय. थोडा चढ लागला आणि पायाखालून आवाज आला. खट. खट-खट.

या वेळी तो मलाही ऐकू आला. अण्णांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

परत वळताना डावीकडून एक मोटारसायकल आली. अण्णांना ती दिसलीच नाही. इसाकभाईंनी हँडब्रेक ओढला, मोटारसायकलवाला शिवी देऊन गेला, आम्ही गॅरेजला आलो.

मग बॉनेट उघडलं. अण्णांनी ब्रेक दाबून, पहिला गिअर टाकून क्लच अर्धवट सोडायचा आणि आम्ही बघायचं. इंजिन एका बाजूने चांगलं तीन बोटं उचललं गेलं. ज्या रबरी माउंटिंगवर ते बसतं, ते फाटून लोखंडावर लोखंड आपटत होतं.

"तुमी जोरात चालवता ताई, तवा झटका बारीक बसतो, सवयीच्या कानालाच कळतो. बाबा चौथ्यात हळू नेतात, इंजिन हादरतं. अजून काही दिवसांनी भर रस्त्यात एका बाजूला बसलं असतं." मग अण्णांकडे वळून म्हणाले, "तुमचीबी चूक हाय बाबा. चढाला तिसरा टाकत जा."

नवं माउंटिंग नांदेडहून दुपारच्या बसने आलं. तोवर भजी आणि तीन चहा. मजुरीसकट दोन हजारांच्या आत काम झालं. तुमच्या गाडीत असा आवाज असेल, तर ज्याला येतो त्यालाच चालवू द्या, एवढं माझं ऐका.

डोंगरकड्याच्या वाटेवर केळीचे मळे सुरू झाले. मी मुद्दाम चौथ्यात हळू चालवून पाहिली. गाडी गप्प. सोबत्याच्या घरी अण्णांनी ही हकिकत तीनदा सांगितली, तिन्ही वेळा मला समोर बसवून. मीही बसले.

संध्याकाळी हिंगोलीत चावी मी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली.

"मोटारसायकल दिसली न्हाई मला. उद्या देऊन टाक गाडी." मग म्हणाले, "पन आवाज होता."

"होता, अण्णा. चुकलं माझं."

"बस. बराबर."

गाडी गेली. मी पुण्यात परत आले. धरण, केळी, भजी सगळं छान होतं, पण मनात राहिलं ते दुसरंच. किती वर्षं मी त्यांच्या प्रत्येक तक्रारीवर "वय झालं" म्हणून झाकण ठेवत आले, कोण जाणे.

परवा फोनवर म्हणाले, "गुडघा दुखून राहिला."

तोंडावर आलेलं वाक्य गिळलं आणि विचारलं, "चढताना की उतरताना?"

"उतरताना," ते म्हणाले. आणि मग दहा मिनिटं बोलत राहिले.