वाघाला दिलेलं आवतण

सन दोन हजार सहा. माझं वय तेव्हा एकसष्ट, आणि आमच्या इवायांचं त्रेसष्ट. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. दारव्हा तालुक्यात वाघाला भिणारी माणसं हजार असतील, वाघ पाहिल्याच्या थापा मारणारी त्याहून जास्त. पण वाघाला रीतसर आवतण देणारा माणूस एकच झाला, आणि तो माझ्या पोरीचा सासरा होता. त्यांचं वावर आणि माझं वावर यांच्यात एकच धुरा, म्हणजे बांध, आणि धुऱ्याच्या टोकाला नाला, नाल्यापलीकडे सागाचं रान. म्हणजे त्यांनी जे काही बोलावलं ते आधी माझ्याही दारावरून जाणार, हे सांगायला चौथीच्या वर शिकायची गरज नाही. मी तिथवरच शिकलो.

इवायांचं वैर होतं रोह्यांशी, म्हणजे नीलगायींशी. त्या वर्षांत कपाशीचं बियाणं दर हंगामाला नवं यायचं, दर पाकिटावर नवं चित्र असायचं, आणि रोही मात्र तेच, जुने, ओळखीचे. गाईएवढं धूड, रात्रीतून यायचं आणि हिरवी बोंडं सोलून खायचं. कळपातल्या सगळ्यात मोठ्या, काळ्या नराचं नाव इवायांनी सरपंच ठेवलं होतं. "कोणाच्याई वावरात घुसते, पोटभर खाते, अन् कोणी काई म्हणत नाही," असं ते खऱ्या सरपंचासमोर सांगायचे. त्यांचं म्हणणं एकच: वाघ होता तोवर रोही रानात होते, वाघ गेला आणि रोही माजले. चौकी उठली की चोर माजणारच. बोरी अरबच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, माणसं लोंबकळणाऱ्या जीपमध्ये, कुठेही हा विषय निघायचा. एकदा जीपमध्ये जंगलखात्याचा गार्ड शेजारी बसला, तर त्याचा हात धरून म्हणाले, "साहेब, आमच्या शिवाराले एक वाघ द्या. म्हातारा असला तरी चालन." गार्ड म्हणाला, "बाबा, वाघ काय राशनवर भेटते?" इवाई उतरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत.

खात्यानं वाघ दिला नाही म्हणून त्यांनी मडक्यातून वाघ काढला. कोऱ्या मडक्याच्या तोंडावर बकऱ्याचं कातडं ताणायचं, मधोमध दोरी ओवायची आणि ओल्या बोटांनी ती ओढायची. आतून जो आवाज निघतो, तो ऐकून माणसाचं पाणी होतं. दिवस कलला की ते धुऱ्यावर बसून मडकं घुमवायचे. पहिल्या दिवशी रोही असे पळाले की दोन कोस मागे वळून पाहिलं नाही. माझं कुत्रं बैलबंडीखाली शिरलं ते दुसऱ्या दिवशी जेवायला निघालं, आणि गाईनं पान्हा चोरला. पण आठच दिवसांत सरपंच मडकं ओळखू लागला. इवाई घुमवायचे, आणि तो पंधरा हातांवर उभा राहून शांतपणे बोंड चावायचा, जणू भजन ऐकायला आलाय. ते मडकं आता माझ्याकडे आहे. घुमवायचा धीर होत नाही.

आमच्याकडे धनतेरसेच्या आदल्या दिवशी वाघबारस करतात. शिवेवर मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे. ढोरंवाले सगळे तिथं भाकर आणि नारळ नेतात आणि म्हणतात, वाघोबा, शीव ओलांडू नको, आमच्या ढोरांवर नजर ठेवू नको. पिढ्यान्‌पिढ्या हेच मागणं. त्या वर्षी इवाई पुढे झाले, भाकर ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ये. शिवेच्या आत ये. रोही तुये, डुकरंबी तुयेच. ढोरावर मन गेलंच, तं पयले माह्या कोठ्यात ये. शेजाऱ्याच्या कोठ्याले हात लावू नको."

एकाच्या हातातला नारळ तसाच राहिला. मी म्हणालो, "इवाई, बोल वापस घ्या."

"दिलेला बोल वापस घ्याले मी काय पोट्टं हावो?"

मला राग आला, आणि राग आला की माझ्या जिभेला लगाम राहत नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "येऊन येऊन येते कोण? कोल्हा! वाघ आला तं माही चांदीची कालवड तुमच्या खुट्याले आणून बांधतो." चांदी म्हणजे माझी गाय. कपाळावर पांढरा ठिपका असलेली तिची कालवड घरातल्या नातवंडांपेक्षा माझ्या मागे जास्त फिरायची.

दिवाळी झाली आणि रोही दिसेनासे झाले. सरपंचसुद्धा. कपाशी फुटून पांढरीफक झाली आणि एका बोंडाला कोणी तोंड लावलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पण रानात वानरांचा आवाज नव्हता, नाल्यावर टिटवी नव्हती. एका संध्याकाळी आम्ही दोघं धुऱ्यावर बसलो होतो, इवाई मडकं घुमवत होते. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की आवाज मडक्यातून नाही, नाल्याकडून येतोय.

"इवाई, पुरे करा आता," मी म्हणालो.

ते हळूच म्हणाले, "माहा हात तं मांडीवर हाय."

"मडक्यात वारा घुमत असन," मी म्हणालो. वारा नव्हता. पऱ्हाटीचं पानसुद्धा हलत नव्हतं. तो आवाज थांबला तेव्हा आम्ही दोघंही उठलो, आणि घरी पोचेपर्यंत कोणी मागे पाहिलं नाही.

मग पंजे दिसू लागले. शिवेवरच्या दगडापासून निघायचे, धुऱ्यानं यायचे, माझ्या ढोरांच्या कोठ्यासमोरून सरळ जायचे आणि इवायांच्या काट्याच्या कुपापाशी थांबून परत फिरायचे. रोज सकाळी. माझ्या दाराकडे एक पाऊलही वळलेलं नसायचं. इवाई पहिल्यांदा छाती काढून गावभर मिरवले. कापूस वेचणाऱ्या बायांनी येणं बंद केलं तेव्हा गप्प झाले. मग मडकं झाडाला टांगून ठेवलं. मी मात्र म्हणत राहिलो, "मोठं कुत्रं असन." वाघ म्हणावं तर कालवड जात होती. आणि कालवडीपेक्षाही, सगळ्यांसमोर बोललेला माझा शब्द खोटा ठरत होता.

कार्तिक सरता सरता एका पहाटे विहीणबाईंची हाक आली. आठ ढोरांमधून एकच गेलं होतं: त्यांची तांबडी गाय, जिला पहिली भाकर दिल्याशिवाय इवाई ताटावर बसत नसत. खुट्याला तुटलेलं दावं होतं. बाकी सात ढोरं हंबरली नव्हती, हलली नव्हती. सातही माना नाल्याकडे वळलेल्या, आणि दिवस वर आला तरी तशाच. जंगलखात्याची माणसं कागद घेऊन आली, पिंजरा लावू म्हणाली. इवायांनी अंगठा दिला नाही. "पिंजरा कायले? म्या बोलावलं, तो आला, जेवला. पाहुण्याले कोणी कोंडते काय?"

संध्याकाळी मी गेलो तेव्हा ते रिकाम्या खुट्याशी बसले होते. हातात सकाळची भाकर. मी समजूत काढायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "बोलीचा पक्का निघाला, इवाई. शेजाऱ्याच्या कोठ्याले हात नाही लावला." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला कालवडीची आठवण करून दिली नाही. दिली असती तर मी भांडलो असतो, आणि भांडण मला जमतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चांदीची कालवड सोडली आणि शिवेवरून वळसा घालून नेली. त्या दगडाच्या मी कधी पाया पडलो नव्हतो. त्या दिवशीही पडलो नाही. उभ्यानंच म्हणालो, "माहा बी शब्द पुरा झाला. आता हिच्याकडं पाहू नको." मग धुऱ्यानं इवायांच्या कोठ्यात गेलो आणि रिकाम्या खुट्याला तिला बांधलं. इवाई बाजेवरून उठले नाहीत. कालवड घर बदलल्यानं एकदा बारीक हंबरली, आणि नाल्याकडे लागलेल्या त्या सातही माना हळूहळू तिच्याकडे वळल्या.